पानफुटी आणि तिचे शेजारी

मांसल पानांच्या झाडांविषयी बोलू लागले की श्रोत्यांतून येणारा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो. डिसेंबरात बाजारातून आणलेले, दगडात कोरलेल्या कमळासारखे दिसणारे झाड होळीपर्यंत छान होते, चैत्रातही बरे होते आणि आषाढात दोन रात्रींत त्याचा लगदा झाला. असे का व्हावे? पाणी तर नेमाने घालत होतो! उत्तर ह्या प्रश्नातच दडलेले आहे. कोल्हापुरात ही झाडे हयगयीने क्वचित मरतात. मरतात ती मायेने. त्यातून वरून पाऊसही ती माया करू लागला म्हणजे झाडाला सुटका नाही. शहरात वर्षाकाठी साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्याचा फार मोठा भाग मृगापासून हस्तापर्यंतच्या चार महिन्यांत उरकतो. ज्या झाडाने पाण्याच्या एका घोटावर महिना काढण्याची विद्या साधली, त्याला आपण चार महिने ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतो असेच म्हणावयाचे.

ज्या झाडांविषयी येथे सांगावयाचे आहे, त्यांची पाने जाड, रसाने भरलेली, आणि आखूड दांड्याभोवती एकावर एक अशी चक्राकार बसलेली असतात. बाजारात त्यांना सरसकट ‘सक्युलंट’ म्हणतात. आम्ही सोयीसाठी ‘पर्णचक्र’ हा शब्द वापरू. ह्या नावाखाली येणारी झाडे एका कुळातली नाहीत. परसातली कोरफड, बांधावरचा घायपात, काळपट पानांवर पांढरे पट्टे असलेली हॉवर्थिया आणि निळसर, मेणचट पाकळ्यांची एचेव्हेरिया ही सगळी पर्णचक्रेच. परंतु एचेव्हेरिया ही पानफुटीची जवळची नातलग, तर कोरफडीचे गोत्र अगदी निराळे. कोरड्या जागी राहण्याची पाळी आली म्हणजे निरनिराळ्या कुळांतली झाडे एकाच युक्तीवर येतात: पाने जवळ ओढून घ्यावयाची, पाणी पानांत साठवावयाचे, आणि पडलेला थेंब मधोमध ओघळेल अशी रचना करावयाची.

ह्यांतली बहुतेक झाडे परदेशची आहेत. घायपात व एचेव्हेरिया मेक्सिकोकडच्या, हॉवर्थिया दक्षिण आफ्रिकेची, पानफुटी मादागास्कर बेटाची. एचेव्हेरियाला तिचे नाव ऑगस्टिन द कांदोल ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२८ साली दिले, आणि ते कोणा राजाच्या किंवा गव्हर्नराच्या सन्मानार्थ नव्हे, तर आतानासियो एचेव्हेरिया नावाच्या एका मेक्सिकन चित्रकाराच्या. स्पेनच्या राजाने धाडलेल्या वनस्पतिसंशोधकांच्या मोहिमेत हा चित्रकार झाडांची चित्रे काढण्याचे काम करीत होता. चित्रकारांच्या कोल्हापुरात ही गोष्ट सांगावयास आम्हांस विशेष आनंद वाटतो. युरोपच्या डोंगरांत सेम्परव्हिव्हम नावाचे असेच एक झाड उगवते. शार्लमेन राजाच्या शेतीविषयक आज्ञापत्रात, म्हणजे बाराशे वर्षांपूर्वी, माळ्याने हे झाड घराच्या छपरावर ठेवावे असे कलम आहे. विजेपासून घराचे रक्षण होते अशी तिकडे समजूत होती. हौशी मंडळी हे झाड मागवून आणतात, पण थंड डोंगरातल्या ह्या पाहुण्याला आपला एप्रिल सोसत नाही. त्यावर पैसे घालवू नयेत असेच आमचे मत आहे.

पाण्याची काटकसर ही झाडे कशी साधतात, हे कळले म्हणजे त्यांच्या निगेचे अर्धे नियम पाठ करावे लागत नाहीत. ते आपोआप सुचतात. ह्या शोधाची सुरुवात हिंदुस्थानात झाली. मद्रास इलाख्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत बेंजामिन हाइने नावाचा वनस्पतिज्ञ होता. त्याने पानफुटीचे पान दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चावून पाहिले. सकाळी पान झोंबेल इतके आंबट लागे, दुपारपर्यंत ते बेचव होई, आणि संध्याकाळी किंचित कडवट. हे त्याने १८१३ साली इंग्लंडात लॅम्बर्ट ह्या गृहस्थाला पत्राने कळविले. पुढे शंभर-दीडशे वर्षांत त्याचा उलगडा होत गेला. सामान्य झाड दिवसा पानांची सूक्ष्म छिद्रे उघडते, हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू आत घेते, आणि त्या भरात पुष्कळ पाणी वाफेने गमावते. पानफुटी व तिच्यासारखी झाडे दिवसा दारे लावून बसतात. रात्री हवा गार झाली की ती छिद्रे उघडतात, वायू आत घेतात आणि मॅलिक आम्लाच्या रूपाने साठवून ठेवतात. सूर्य वर आला की दारे बंद करून त्या साठ्यावर अन्न शिजते. हे आम्ल आपल्या ओळखीचे आहे: पहाटे हरभऱ्याच्या शेतातून गेले की धोतराला वा लुगड्याला लागते ती आंब, तिच्यात हेच आम्ल असते. हाइनेप्रमाणे पान चावून पाहण्याची गरज नाही, आणि ते का करू नये हे पुढे येईलच. शाळेतला निळा लिटमस कागद पहाटे व सायंकाळी कुस्करलेल्या पानावर टेकवावा. मुलांना हा प्रयोग फार आवडतो.

ही झाडे ‘रात्री प्राणवायू सोडतात’, म्हणून निजावयाच्या खोलीत ठेवावी असे विक्रेते सांगतात. रात्री ती वायू आत घेतात हे खरे. पण प्राणवायू बाहेर पडतो तो उजेडात, दिवसा. आणि वीतभर कुंडीने खोलीची हवा बदलत नसते. झाड आवडते म्हणून ठेवावे, तेवढे कारण पुरे आहे.

आता लावणीकडे वळू. पानफुटी चक्राकार नसली तरी पानातून झाड कसे होते हे समजण्यास तिच्यासारखा दुसरा गुरू नाही. तिच्या पानाच्या कडेला खाचा असतात, आणि प्रत्येक खाचेत पेशींचा एक झोपलेला पुंजका असतो. पान झाडावर असेपर्यंत तो बहुधा झोपलेलाच राहतो. पान गळून ओलसर जमिनीवर पडले की जागा होतो, आणि एका पानाच्या कडेला पाच-सात रोपे उभी राहतात. जर्मन कवी गटे ह्या पानाच्या इतका नादी लागला होता की म्हातारपणी त्याने ती रोपे वाढवून स्नेह्यांना भेट म्हणून पाठविली.

एचेव्हेरियाच्या पानाला अशा खाचा नाहीत. तिथे नवे झाड फुटते ते पानाच्या बुडाशी, जेथे ते दांड्याला चिकटलेले असते. म्हणून पान कात्रीने कापू नये. खालचे, भरदार पण म्हातारे न झालेले पान चिमटीत धरून हलकेच डावीकडे-उजवीकडे डोलवावे, म्हणजे ते बुडासकट सुटून येते. बूड तुटून दांड्यावर राहिले तर ते पान महिनाभर हिरवे राहील, कदाचित मुळेही धरील, पण त्यातून झाड येणार नाही. सुटलेली पाने सुपात किंवा कागदावर पसरून तीन-चार दिवस सावलीत ठेवावी. जखम सुकून तिच्यावर खपली धरली पाहिजे; ओल्या जखमेने माती पाहिली की कूज शिरते. मग कोरड्या भरड मातीवर ती नुसती आडवी ठेवावी, पुरू नयेत. दोन ते चार आठवड्यांत बुडाशी गुलाबी मुळ्या दिसतात, पाठोपाठ मोहरीएवढे चक्र. मुळ्या दिसल्यावर त्यांच्यावर चिमूटभर माती सारावी आणि आठवड्यातून एकदोनदा पाण्याचा हलका फवारा द्यावा. जुने पान स्वतःचा रस पिल्लाला पाजीत सुरकुतत जाते. ते पुरते वाळेपर्यंत ओढून काढू नये, ही एकच गोष्ट घरातल्या मुलांना आधी सांगून ठेवावी. दहा पानांतून सहा-सात लागली तर हात चांगला म्हणावा.

ह्याच उत्साहात पुष्कळ लोक कोरफडीचे पान मातीत खोचतात. ते कधी लागत नाही. कोरफडीच्या पानात नवा कोंब घडविणाऱ्या पेशी उरलेल्याच नसतात; ते पान म्हणजे पाण्याची पखाल आहे, बीज नव्हे. कोरफड वाढते ती बुडाशी येणाऱ्या पिलांनी. पिल्लू वीतभर झाले आणि त्याला स्वतःची मुळे दिसली की कुंडी उपडी करून ते हाताने अलग करावे, दोन दिवस सुकवावे आणि लावावे. हॉवर्थियाचेही तसेच. घायपाताला मुळाशी पिले येतात, आणि दोरखंडाच्या वाखासाठी लावतात त्या जातीला तर फुलांच्या दांड्यावरच शेकडो चिमुकली रोपे लटकतात. ती खाली पडतात ती तयार झाड म्हणूनच. बियांपासूनही ही झाडे करता येतात, परंतु बी धुळीसारखे बारीक आणि वाट पाहणे वर्षांचे. तो मार्ग ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी सोडू.

एक तिसरा प्रकार आहे, तो शहरातल्या मंडळींस फार उपयोगी. उजेड कमी पडला की एचेव्हेरियाचे चक्र विस्कटते. दांडा उंच होतो, पाने विरळ होतात, आणि कमळाची कोबी होते. असे लांबलेले झाड पुन्हा आखूड होत नाही. तेव्हा धारदार, पुसून घेतलेल्या सुरीने माथा दोन बोटे दांड्यासह कापावा, रिकाम्या पेल्याच्या तोंडावर चार-पाच दिवस ठेवावा आणि सुकल्यावर लावावा. उरलेला बुंधा टाकून देऊ नये. थोड्याच आठवड्यांत त्याच्या अंगावर तीन-चार पिले डोके वर काढतात. एकाचे पाच होण्याचा हा सर्वांत खात्रीचा उपाय.

ह्या सर्व कामांस कोल्हापुरात उत्तम काळ म्हणजे दसऱ्यापासून माघापर्यंत. हस्ताचा पाऊस ओसरला, हवा कोरडी झाली, रात्री गार पडू लागल्या, की पाने चटकन खपली धरतात. मे महिन्यात लावलेले पान सुकून जाते आणि जुलैत लावलेले कुजते.

मातीविषयी मात्र सावकाश सांगितले पाहिजे, कारण बहुतेक मरणे तिथेच घडतात. आपल्याकडची काळी माती उसाला सोन्यासारखी, पण ह्या झाडांस विषासारखी. ती पाणी धरून ठेवते, भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळून कोवळी मुळे तोडते. एक भाग पोयटा, एक भाग चांगले मुरलेले शेणखत आणि निदान दोन भाग भरड, असे मिश्रण करावे. भरड म्हणून आम्ही विटांच्या तुकड्यांना पहिला मान देतो. वीट फोडून मूग ते हरभरा ह्या मापाचे तुकडे घ्यावे आणि चाळून बारीक पीठ काढून टाकावे, कारण तेच पीठ नंतर चिखल होऊन छिद्र बुजविते. जांभ्याचा चुरा मिळत असेल तर तोही चालतो. बुडाशी खड्यांचा जाड थर घालण्याची पद्धत आहे. त्याने निचरा सुधारतो ही समजूत खरी नाही. पाणी बारीक मातीतून खाली खड्यांत सहजी उतरत नाही, ते वरच अडून राहते, आणि थराने मुळांची जागा मात्र खाल्ली जाते. छिद्रावर एक खापरी उपडी ठेवली की झाले. कुंडी भाजक्या मातीची, उथळ आणि झाडापेक्षा दोन बोटेच रुंद असावी. कुंभार गल्ल्यांच्या ह्या गावात चिनी मातीच्या बिनछिद्री वाडग्यात झाड लावणे हे कोडेच आहे. मिश्रण बरोबर झाले की नाही हे पाहण्यास तांब्याभर पाणी ओतावे: मनात दहा मोजेपर्यंत खालून धार लागली पाहिजे.

पाणी किती दिवसांनी, ह्या प्रश्नाला दिवसांत उत्तर देता येत नाही. बोट दोन पेरे आत घालावे. माती कोरडी लागली की मगच, आणि मग भरपूर, कडेकडेने घालावे. चक्राच्या मधोमध ओतू नये. तिथे पाणी साचले आणि ऊन पडले तर गाभा उकडतो. पानांवरचा निळसर मेणाचा थर हा झाडाचा अंगरखा आहे. बोट लागले की तो पुसला जातो आणि त्या पानावर पुन्हा येत नाही. म्हणून ह्या पानांवरची धूळ फडक्याने पुसू नये, फुंकून उडवावी. हिवाळ्यात सकाळचे चार तास ऊन मिळाले तर रंग खुलतो. फाल्गुनानंतर पश्चिमेच्या भिंतीशी ठेवलेली कुंडी मात्र भाजून निघते. तेव्हा हिरव्या जाळीचा नाहीतर गोणपाटाचा आडोसा करावा आणि पाणी वाढविण्याऐवजी कमीच ठेवावे, कारण कडक उन्हाळ्यात एचेव्हेरिया जवळजवळ झोपलेली असते. हॉवर्थिया मूळची झुडपांच्या सावलीतली, तिला बारा महिने खिडकीतला उजेड पुरतो.

मृगाच्या आधी सर्व कुंड्या उचलून आत, छपराखाली घ्याव्या. वळचणीला ठेवून भागत नाही. पागोळ्या नेमक्या गाभ्यात पडतात. व्हरांडा, जिन्याची खिडकी, गच्चीवरचा पारदर्शक पत्रा, जेथे उजेड येईल आणि पाऊस येणार नाही अशी कोणतीही जागा चालते. ह्या काळात पंधरा-वीस दिवस पाणी न घातले तरी बिघडत नाही. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचे पाणी गावात शिरले तेव्हा अंगणातल्या कुंड्या बुडाल्या. अशा वेळी झाड मातीतून काढावे, मुळे धुऊन, कुजकी कापून आठवडाभर कागदावर सुकवावे आणि नव्या मातीत लावावे. मुळे नसताना आठवडा काढणे ह्या झाडांस जड नाही. बुडालेल्या मातीत दोन दिवस काढणे जड आहे.

फुलांविषयी विचारणारे दोन प्रकारचे असतात. एकांचे झाड फुलतच नाही, आणि दुसऱ्यांना भीती वाटते की फुलले तर मरेल. दुसऱ्यांची भीती अर्धी खरी आहे. फुलांचा दांडा झाडाच्या कोठून निघतो ह्यावर सारे अवलंबून असते. एचेव्हेरिया व हॉवर्थियाचा दांडा पानांच्या बगलेतून, बाजूने येतो. वाढीचा गाभा शाबूत राहतो, आणि फुले संपली की झाड पुढे चालू लागते. कोरफडही वर्षानुवर्षे पिवळे तुरे देत राहते. घायपाताचा दांडा मात्र थेट गाभ्यातूनच उठतो. गाभाच फुलून गेला म्हणजे पुढचे पान यावयाचे कोठून? साठविलेली सारी साखर त्या दोन-तीन पुरुष उंच खांबात ओतून ते चक्र वाळून जाते. घायपात शंभर वर्षांनी फुलतो ही अतिशयोक्ती आहे. दहा ते तीस वर्षांत त्याचा दिवस येतो. दांडा कापून झाड वाचत नाही. बुडाशी पिले आहेत ना एवढे पाहावे आणि सोहळा बघावा.

ज्यांचे झाड फुलत नाही त्यांत सर्वांत मोठी संख्या कॅलँकोवाल्यांची. तांबड्या-पिवळ्या फुलांच्या दाट झुबक्यांचे हे झाड दुकानात वर्षभर दिसते, घरी आणले की पहिला बहर देते, आणि पुढे नुसती पाने. मादागास्करचे हे झाड १९३२ साली पोट्सडॅमच्या रॉबर्ट ब्लॉसफेल्डने बाजारात आणले, आणि त्याचेच नाव त्याच्या जातीला आहे. त्याला कळी धरण्यास लांब, अखंड काळोखाची रात्र लागते. कोल्हापुरात डिसेंबरातली रात्र सुमारे तेरा तासांची असते, तेवढ्यावर ते एरवी फुलते. पण गॅलरीत दिवा अकरापर्यंत जळत असेल किंवा रस्त्यावरचा दिवा कुंडीवर पडत असेल तर झाडाच्या हिशेबी रात्र झालेलीच नसते. दिवाळी झाल्यावर सहा आठवडे रोज संध्याकाळी पाचला त्यावर पुठ्ठ्याचे खोके उपडे घालावे आणि सकाळी सातला काढावे. एक रात्रही चुकवू नये. कळ्या दिसल्या की खोके बंद. बहर संपल्यावर वाळलेले झुबके खालच्या दोन पानांपर्यंत खुडावे. खुडलेल्या शेंड्याखालून नवी फांदी येते, आणि पुढच्या वर्षी फूल तिच्यावर.

रोगकिडींत एकच लक्षात ठेवावी: पिठ्या ढेकूण. पानांच्या बगलेत कापसासारखे पुंजके दिसले किंवा कुंडीवर मुंग्यांची रांग लागली, तर स्पिरिटमध्ये बुडविलेल्या कापसाच्या बोळ्याने टिपून काढावे आणि ती कुंडी इतरांपासून दूर करावी. फुलांच्या दांड्यावर मावा येतो, तो पाण्याच्या धारेने जातो.

पानफुटीविषयी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. मुतखड्यावर तिचे पान रोज खावे असे घरोघर सांगतात. ह्या वर्गातल्या झाडांत हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्ये असतात. ऑस्ट्रेलियात पानफुटीच्या भावंडांची फुले चरून गुरे दगावल्याची नोंद आहे. ज्यांना हृदयाचे औषध चालू आहे त्यांनी तर ह्या पानाच्या वाटेस जाऊच नये, आणि इतरांनीही डॉक्टरांस विचारल्यावाचून खाऊ नये. खुडलेल्या फांद्या शेळीपुढे टाकू नयेत. कोरफडीच्या सालीखालचा पिवळा चीक जालीम रेचक आहे, आणि घायपाताच्या रसाने कातडीला आग सुटते. कापताना हातमोजे घालावे.

बाजारातल्या झाडांची हौस वाढली की पुष्कळांची नजर डोंगराकडे वळते, आणि ते साहजिक आहे. सह्याद्रीतही ह्या विद्येचे जाणकार आहेत. जांभ्याच्या सड्यांवर युफोर्बियाची एक जात उगवते, तिला पाचगणीचेच नाव आहे. उन्हाळ्यात ती कंदाच्या रूपाने जमिनीत राहते, आधी फुले दाखविते आणि मग जमिनीलगत पानांचे सुबक चक्र पसरते. डॅल्झेलने वर्णिलेली, मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रिअर ह्याच्या नावाची फ्रेरिया, म्हणजे आपली शिंदळ माकुडी, शिवनेरी, सज्जनगडासारख्या मोजक्या कड्यांवरच सापडते. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात प्राध्यापक श्रीरंग यादव व त्यांचे विद्यार्थी ह्यांनी कंदीलपुष्पाच्या दुर्मिळ जाती जमवून वाढविल्या, त्यामागे वर्षानुवर्षांची पायपीट आहे. हौशी माणसाने खुरपे घेऊन मसाई पठारावर जाणे हे त्या कामाच्या नेमके उलट होय. सड्यावरच्या दोन बोटे मातीतून उपटलेला कंद गॅलरीतल्या कुंडीत एक पावसाळा सहसा काढत नाही. घरी वाढवावयास एचेव्हेरियाचे एक गळलेले पान पुरते. ते शेजाऱ्याकडे मागितले तर तो नाही म्हणत नाही, आणि दसऱ्यानंतर मागितले तर लागतेही.